इवाई गावाला जाईनात

मामांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी शेजारच्या वहिनींना सांगितलं, "कायी न्हाई, गॅस हाय." ओवा चावून खाल्ला, गरम पाणी प्याले, अंगणात येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या सकाळी वहिनींना दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तशीच लोंबताना दिसली... आम्ही लातूरला. माझ्या नवऱ्याला, संजयला, फोन आला तेव्हा तो दाढी करत होता. गालाला फेस तसाच घेऊन तो बाहेर आला आणि म्हणाला, "दादा गेले." नांदेडला पोचेपर्यंत गाडीत तो रडला, आमची मुलगी मैत्री रडली. मी नाही रडले. मला राग आला होता. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात; संजय त्यांना दादा म्हणायचा. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आम्हा बौद्धांच्या श्रद्धांजली सभेला, शाळेतले जुने सहकारी आले होते. एकेक जण उठून सांगत होता, सर म्हणजे शांत, सर म्हणजे संयमी. मी बायकांच्या रांगेत मागं बसून ओठ चावत होते. कोणत्या माणसाबद्दल बोलून राहिलेत हे लोक? मामा पी.टी.चे शिक्षक. मूळचे जळकोट तालुक्यातल्या खेड्यातले, नोकरी सगळी नांदेडला. ग्राउंडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला 'हात सरळ!' म्हणून ओरडण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळं घरातही आवाज तेवढाच. वरणात मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळायचं. हट्टी, तापट, दुसऱ्याचं म्हणून ऐकून घ्यायचं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं, पण चांगलं म्हणजे खोटं नव्हे. शांत मामा मी पाहिलेच नाहीत. मी पाहिले ते एका तान्ह्या पोरीच्या रडण्यापुढं बेजार झालेले मामा, आणि मला सांगायचे आहेत तेच.

मैत्री माझ्या माहेरी, लातूरला झाली. संजय तेव्हा किनवटला बँकेत होता. शनिवारी यायचा, रविवारी जायचा. माझे वडील आधीच वारलेले. घरात आई, मी आणि पोरगी. सुरुवातीला ती गुणाची होती. मग एका संध्याकाळी जी रडायला लागली, ती रोजच. दिवस कलला की सुरू. गुडघे पोटाशी ओढायची, मुठी आवळायची, तोंड लालबुंद व्हायचं आणि असा टाहो फोडायची की माझ्या टाक्यांत कळ यायची. दूध घ्यायची नाही, खांद्यावर ठरायची नाही, पाळण्यात तर नाहीच. आई हिंग कालवून बेंबीभोवती लावायची, तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून पोट शेकायची. त्यानं घटकाभर उतार पडायचा आणि पुन्हा मागचं पुढं सुरू. उन्हाळा रणरणत होता, नळाला आठवड्यानं पाणी यायचं, बादलीत लंगोट साठलेले असायचे. मला दुपारपासूनच संध्याकाळची धास्ती वाटायची.

मामा आले ते नामकरणाला. एका दिवसासाठी, हातात एक पिशवी घेऊन. कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले आणि मैत्रीनं सूर लावला. मामा दारात चपला घालत होते. थांबले.

"रोज रडती अशी?"

"रोज," मी म्हणाले.

आई आतून म्हणाली, "गॅस धरतोय हो लेकराला. लहान लेकरं रडतेतच."

"गॅस गॅस काय लावलंय, इनबाई? तपासल्याबिगर कसं कळलं गॅस हाय म्हणून?" असं म्हणून त्यांनी चपला काढून ठेवल्या. तो माणूस पुढं दोन-अडीच महिने नांदेडला गेला नाही.

औसा रोडला त्यांचा एक जुना मित्र एकटाच राहायचा. त्याच्याकडं मुक्काम, आणि ऊन उतरलं की आमच्या दारात हजर. आईची पंचाईत झाली. विहीण ती इनबाई आणि व्याही म्हणजे, आमच्याकडं म्हणतात तसं, इवाई. तो घरी आला की त्याचा मान राखावा लागतो. रोज चहा, रोज काहीतरी खायला, रोज डोक्यावरचा पदर सावरणं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "तुमचे इवाई गावाला गेले न्हाईत का अजून?" आई मला स्वयंपाकघरात धरून म्हणायची, "तूच सांग गं त्यांना. बाळंतिणीच्या खोलीत बापयामाणसाचं काय काम?" मला दोघांचाही वैताग यायचा. मला तेव्हा कुणीच नको होतं. मान नको, पाहुणचार नको, सल्ला तर अजिबात नको. आणि घरात येणारा प्रत्येक माणूस एक सल्ला घेऊन यायचा. तू वाटाणे खाल्ले असतील. तू पंख्याखाली झोपतेस. तुझं दूधच जड आहे.

मामांनी आम्हाला एकामागून एक तीन दवाखान्यांत नेलं. पहिल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लेकरू ठणठणीत आहे, याला पोटशूळ म्हणतात, तीनेक महिन्यांत आपोआप थांबेल, इलाज असा काही नाही. मामा तिथंच कडाडले, "इलाज न्हाई तर मग दवाखाना कशाला टाकलाय?" बाहेर बसलेली सगळी लेकरं एकदम रडायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त वर एक धरायची पद्धत दाखवली. लेकराला हातावर पालथं घ्यायचं, डोकं कोपरापाशी, पोट हाताच्या नळीवर, आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळत चालायचं. घुटी आणि मध बिलकूल देऊ नका, हेही बजावलं. घरी आल्या आल्या मामांनी आईची सहाण आणि घुटीची डबी उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली. आईचा हात तिथं पोचत नव्हता. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग रोज संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत कवायत सुरू झाली. मामांचा हात लांब, मैत्री त्यावर मावायची. ते खिडकीपासून दारापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे, आणि तोंडानं 'लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट' चालू. त्यांना दुसरं गाणं येतच नव्हतं. पोरगी कधी पाच-दहा मिनिटं गप व्हायची, आम्ही श्वास रोखून बसायचो, आणि पुन्हा टाहो. बऱ्याचदा तर गप व्हायचीच नाही. मामा घामानं निथळायचे, कपाळाची शीर तटतटायची. मग तो राग कुठंतरी निघायचा. रस्त्यानं हॉर्न वाजवत जाणाऱ्या रिक्षावाल्यावर, कुकरच्या शिट्टीवर, संजयवर. "तुझा नवरा तिकडं किनवटला पंख्याखाली बसून राहिला आन् मी इथं..." असं म्हणायचे आणि वाक्य अर्धंच सोडून वळायचे.

एका संध्याकाळी सगळंच टोकाला गेलं. आईनं त्यांच्या पाठीमागं मीठ-मिरची घेऊन लेकराची दृष्ट काढायला सुरुवात केली. मामांनी पाहिलं. भिंतीवरच्या तथागतांच्या फोटोकडं बोट करून ते गरजले, "ह्यांच्या देखत मीठ-मिरच्या? लाज वाटत न्हाई, इनबाई?" आईनं पदर सोडला, मान-पान सोडला. "मोठे आले शिकवणारे! तुमच्या लेकाच्या वक्ताला किती रात्री सांभाळलं तुम्ही? एक तरी लंगोट बदलला का?" मूठभर मीठ तिथंच टाकून ती आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मैत्री रडतच होती. माझं डोकं फुटायची वेळ आली. मी म्हणाले, "मामा, तुम्ही जात का न्हाई हो नांदेडला? माझ्यानं ती गप बसंना, तुमच्यानं बसंना. मग ही गर्दी कशाला?"

त्यांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले, हातावर रडणारं लेकरू तसंच.

"न्हाई जमून राहिलं मला," ते म्हणाले. "कायीच जमंना गेलंय."

माझ्या बाळंतपणानंतर हे वाक्य म्हणणारं ते पहिलं माणूस. बाकी सगळ्यांना सगळं जमत होतं.

"इनबाई खरं बोलल्या," ते पुढं म्हणाले. "संजू बी असाच रडायचा. मी शाळा सुटली तरी घरी यायचो न्हाई. कबड्डीची प्रॅक्टिस हाय म्हणायचो. कसली प्रॅक्टिस... पोरं कवाच घरी गेलेली असायची. एकटाच ग्राउंडवर बसायचो, अंधार पडंपर्यंत. ती एकटीच घरी."

ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडच्या भाषेत आत्या. त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या; मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. पण त्या क्षणी मला त्यांच्या वतीनं इतका संताप आला, की मामांची कीव यायच्या ऐवजी मी विचारलं, "आत्यांना सांगितलं होतं हे कधी?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगून राहिलात?"

"तूच विचारलंस ना, जात का न्हाई म्हणून."

मला रडू फुटलं. मामा घाईघाईनं उठले आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "तू जा वर गच्चीवर! दोघी रडायला लागल्यात तर मी कुणाकुणाला घेऊ?" मी गेले. वर वारं नव्हतं, टाकीत पाणी नव्हतं. खालून तिचा टाहो ऐकू येत होता, आणि मधून मधून 'लेफ्ट, राइट'. ती गप बसली नाहीच. पण ती कुणाच्या तरी हातावर रडत होती. तेवढ्या वेळापुरतं मला त्या खोलीत असायची गरज नव्हती. खाली आले तेव्हा आईनं पुढच्या खोलीतलं मीठ झाडून घेतलं होतं आणि मामांच्या शेजारी चहाचा कप ठेवला होता. त्यावर साय धरली होती.

शेवटी थांबलं ते आपोआपच. एका संध्याकाळी मैत्री रडलीच नाही. पंख्याकडं बघत पाय हलवत पडून राहिली. आम्ही तिघं तिच्याभोवती बसून वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, स्टुलावर चढून तिनं चोरून दिलेल्या घुटीचा तो गुण. मामा मात्र खूश दिसेनात. "मग इतके दिवस कशाला रडत व्हती ही?" असं त्यांनी मला दरडावून विचारलं, जसं काही मी पोरीला शिकवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते नांदेडला गेले. जाताना नातीचा मुकाबिका काही घेतला नाही. पिशवी उचलली आणि गेले.

पुढं संजयची बदली लातूरला झाली, आम्ही इथंच घर केलं. मामांना चला म्हटलं तर येईनात. पण फोन रोज. आणि तोही नेमका दिवेलागणीला, माझे हात कणकेत असताना. कोपरानं फोन उचलायचा, खांद्याला धरायचा. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला. "रडली का?" मैत्री चालायला लागली, शाळेत गेली, सायकलवर क्लासला जायला लागली, तरी प्रश्न तोच. मी म्हणायचे, "न्हाई, मामा." ते म्हणायचे, "बरं. ठेव." मी वैतागायचे. संजयला म्हणायचे, तुझ्या वडलांना दुसरी वेळ सापडत नाही का? छातीत कळा येत होत्या त्या दोन्ही संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. दोन्ही संध्याकाळी त्यांनी तेच विचारलं आणि "बरं, ठेव" म्हणाले. आवाज जरा बारीक वाटला म्हणून मी विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना? "मला काय धाड भरलीय!" म्हणाले. नातीच्या पोटातला गॅस खरा मानायला जो तयार नव्हता, तीन डॉक्टरांना ज्यानं जाब विचारला, त्या माणसाला स्वतःसाठी एक रिक्षा करता आली नाही. याचा राग मी कुणावर काढू?

परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते. मैत्री ओट्याला टेकून उभी होती. आता ती जवळजवळ माझ्या उंचीची झालीय. बराच वेळ ती ओट्यावरच्या फोनकडं बघत होती. मग म्हणाली, "आई, आबा रोज तुला काय विचारायचे गं?"

"तू रडलीस का, ते."

"मग तू काय सांगायचीस?"

"न्हाई म्हणून."

तिनं नाक पुसलं, तेव्हा कुठं माझं तिच्या डोळ्यांकडं लक्ष गेलं.

"आज हो म्हणून सांगावं लागलं असतं," ती म्हणाली.