मिलिंद रायफल घेतो

ऑफिसात एखाद्याने "बंदूक घ्यायचा विचार आहे" असं नुसतं म्हटलं, की बंदुकीआधी किस्से यायला लागतात. प्रत्येकाच्या ओळखीचं कुणीतरी रानात हरवलेलं असतं, कुणाचा तरी नेम चुकलेला असतो, कुणाचं तरी लग्न मोडता मोडता वाचलेलं असतं! आम्ही इकडे परदेशात, हॅमिल्टनमध्ये, दूध कारखान्यांची यंत्रं डिझाइन करतो. तिथे मिलिंदने हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायचं ठरवलं आणि बघता बघता इतकं साठलं, की अजूनही जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणतंच, "ए, मिलिंदचं सांग ना!"

मिलिंद नागपूरचा. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो, बोलतो कमी. नायरी आमची टीम लीड, पन्नाशीची, वडिलांबरोबर रानात जात मोठी झालेली. आणि अतुल माझा नवरा. पुण्याचा, आयटीतला. कुणी न विचारताही तो सगळं सांगतो.

*

सुरुवात मटणापासून झाली. नायरीने मिलिंदला हरणाचं मांस दिलं. इथे हरीण हे मुळात बाहेरून आणलेलं जनावर. त्याला खाणारं रानात कुणी नाही, आणि ते मात्र रान खाऊन टाकतं. म्हणून शिकारीला परवानगी असते. मिलिंदच्या बायकोने, सुजाताने, त्याचा सावजी रस्सा केला. नायरीने तो खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "पुढचं हरीण तू आण. मी फक्त जेवायला येईन."

मिलिंदने ते मनावर घेतलं. पण आधी नागपूरला वडिलांना फोन लावला. ते निवृत्त शिक्षक, रोज सकाळी बुद्धवंदना म्हणणारे. घरात मटण होतं, पण स्वतःच्या हाताने मारायचं म्हणजे वेगळं. मिलिंद म्हणाला, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला."

बाबा म्हणाले, "आजवर खाटकाला पुढे केलं आणि आपण मागे उभे राहिलो. आता तू पुढे उभा राहणार. राहा. पण त्या वेळी हात थरथरला नाही, तर मला फोन करू नकोस."

*

इथे लायसन्स देण्याआधी पोलिसांकडून माणूस घरी येतो आणि बायकोला वेगळं बसवून विचारतो. रोटोटुना उपनगरातल्या त्यांच्या घरी एक ऑफिसर बाई आल्या. मिलिंदला बाहेर अंगणात पाठवलं. सुजाताने चहा ठेवला, चिवडा पुढे केला.

भांडता का? रागावला की काय करतो? दारू किती पितो? झोप लागते का? सुजाता म्हणते, लग्न ठरताना आमच्याकडच्यांनी यातलं निम्मंही विचारलं नव्हतं!

शेवटी त्या बाईंनी विचारलं, "घरात रायफल असणं तुम्हाला चालेल?"

सुजाताने खिडकीतून अंगणात पाहिलं. मिलिंद लेकीची सायकल पुसत होता. ती म्हणाली, "खरं सांगू? रायफलची मला भीती वाटते. त्याची नाही वाटत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बऱ्याच घरांत मला हे उलटं ऐकावं लागतं."

चिवड्याला त्यांनी हातही लावला नाही.

*

लायसन्स आल्यावर आम्ही सगळे दुकानात गेलो. अतुलने आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते. गोळी कुठली, नळी किती लांब, लांबचा मारा कसा, सगळं पाठ! दुकानातला माणूस शांतपणे ऐकत होता.

मिलिंदचा जीव एका रायफलवर जडला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर नक्षी, हात फिरवला तर मांजरीच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटावं! नायरीने शेजारची एक साधी रायफल काढली. कारखान्यातून निघाली तशीच, स्टेनलेसची नळी, काळा प्लास्टिकचा दस्ता, वर नेम धरायचा स्कोप. ती मिलिंदच्या हातात देऊन म्हणाली, "डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. स्कोपमधून काय दिसतं?"

"सगळं. पूर्ण गोल."

"आता ती तुझी लाडकी घे."

लाडकीच्या स्कोपमध्ये अर्धा अंधार होता. दस्ता त्याच्या हातांना लांब पडत होता. मान पुढे ताणावी, तेव्हा कुठे दिसे. मग नायरीने दोन्हींचे बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारे खटके, त्याला पुन्हा पुन्हा मागे-पुढे करायला लावले, डोळे मिटून, घाईने, नंतर ओल्या हातमोज्यांनी. काळीचा बोल्ट एकदाही अडला नाही. आणि तिची गोळी रानाजवळच्या कुठल्याही लहान गावात मिळते, हेही तिने पाहून घेतलं.

तरी मिलिंद लाकडाकडे बघतच होता. नायरी म्हणाली, "रानात पाऊस असतो मिलिंद, फोटोग्राफर नसतो."

*

शेवटी मिलिंदने काळीच घेतली. पैसे भरायच्या आधी नायरीने विचारलं, "दुर्बीण आहे?"

अतुल म्हणाला, "स्कोप आहे की! त्यातून दिसतंच."

नायरी हसरी बाई. पण त्या वेळी तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. म्हणाली, "माझा चुलतभाऊ एकदा ओढ्याकाठी बसून सँडविच खात होता. समोरच्या उतारावरचा कुणीतरी बघत होता, ते काय हलतंय म्हणून. स्कोपमधून. स्कोपमधून बघतोस, तेव्हा बंदूक रोखलेली असते, अतुल."

"मग?"

"मग काही नाही. त्या माणसाने लांबून हात हलवून सॉरी केलं आणि निघून गेला. माझा भाऊ परत कधी रानात गेला नाही. अजूनही खिडकीकडे पाठ करून बसत नाही."

दुर्बीण अतुलनेच उचलून काउंटरवर ठेवली.

*

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच दिवशी मिलिंदच्या गोळ्या कागदभर विखुरल्या. एक वर, एक खाली, एक तर कागदाबाहेरच! अतुलचं निदान तयार होतं, "पीस डिफेक्टिव्ह आहे. परत कर." मिलिंदलाही तेच वाटू लागलं होतं.

नायरीने रायफल घेतली, नेम धरला. तिच्या गोळ्या एका बशीखाली झाकता आल्या असत्या. काही न बोलता तिने रायफल परत मिलिंदला दिली. "मार."

त्याने श्वास रोखला, ट्रिगर दाबला. नुसतं 'टिक' झालं. गोळी तिने भरलीच नव्हती! पण नळीचं टोक मात्र खाडकन खाली झुकलं. धक्का येणार म्हणून तो आधीच दचकला होता. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही पाहिलं.

नायरी म्हणाली, "बंदूक उत्तम आहे. दचकणारा भाग दुकानात बदलून मिळत नाही."

तो पुढे कितीतरी शनिवार तिथे जात राहिला. एकटाच.

*

दसऱ्याच्या सकाळी अतुलने त्याला फोन केला. "अरे, आज शस्त्रपूजा! रायफल काढ बाहेर, हळद-कुंकू मी घेऊन येतो."

मिलिंद म्हणाला, "अतुल, आज आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सम्राट अशोकाने शस्त्र खाली ठेवलं तो दिवस."

इकडे अतुलने हातातली कुंकवाची डबी खाली ठेवली.

"मग रे? काय करायचं?"

"तिजोरीत आहे ती. बोल्ट वेगळ्या कुलपात. राहू दे तिथेच. तू ये, खीर केली आहे सुजाताने."

आम्ही गेलो. मिलिंदची लेक दारात इंग्रजीत म्हणाली, "बाबा सेज नो गन्स टुडे." अतुलने आपट्याचं पान म्हणून आणलेलं अंगणातलं कुठलंसं पान तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "स्वीट ॲज." इथल्या बोलीत म्हणजे, झकास.

*

आणि मग एप्रिल आला. इथले ऋतू आपल्या उलटे, एप्रिल म्हणजे पानगळ. त्या दिवसांत नर हरणं एकमेकांना ललकारतात, खोल घशातून, रेड्याने रेकावं तशी. एकाने ललकारलं की दुसऱ्याने उत्तर द्यायचं.

उजाडताना आम्ही चौघं एका दरीच्या काठावर होतो. पाऊस नुकताच थांबलेला, सगळं ओलं, धुकं. नायरीने प्लास्टिकचा एक जाड पाइप तोंडाला लावून हुबेहूब नराचा आवाज काढला. दोन उत्तरं आली. एक आमच्याच बाजूने, खालच्या नेच्यांतून. दुसरं दरीपलीकडून.

खालचा नर बाहेर आला. मोठा, मानेवर काळपट आयाळ, पायाने माती उडवत. मिलिंदने दुर्बिणीतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग आडवा झाला. मी त्याच्या शेजारीच होते. त्याचा हात थरथरत होता. मग थांबला.

एकच आवाज झाला. हरीण होतं तिथेच बसलं.

आम्ही खाली उतरलो. मिलिंदने त्याच्या मानेवर हात ठेवला. अंगातून वाफा निघत होत्या. नायरीने सुरी काढली, कारण मांस लवकर साफ करावं लागतं.

तेवढ्यात दरीपलीकडून तो दुसरा ललकारला. थांबला. परत ललकारला. आणखी थोडा थांबला. या खेपेला आवाज जवळून आला.

अतुल कुजबुजला, "येतोय तो! आणखी एक मिळेल."

मिलिंद उठला. त्याने रायफल उघडली, गोळ्या काढल्या, बोल्ट ओढून बाहेर घेतला आणि माझ्या हातात दिला. नायरीच्या खांद्यावरचा पाइप घेतला. त्याने तो आजवर कधी वाजवला नव्हता. पहिला आवाज फाटला. दुसऱ्यांदा त्याने छाती भरून घेतली.

पलीकडून उत्तर आलं.

मिलिंदने परत दिलं, आडव्या पडलेल्या नराच्या वतीने. पलीकडचा परत बोलला. असं कितीतरी वेळ चाललं. मिलिंदचा एक हात पाइपवर होता, दुसरा मेलेल्या हरणाच्या शिंगावर.

नायरीने सुरी म्यानात घातली आणि दगडावर बसून राहिली.