रशिदा गादीवालीचं कुलूप

रशिदाबाई दाभण ओठांत धरून बोलायची. तरी तिचा शब्द न् शब्द स्टेशन रोडच्या पलीकडच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जायचा. नागभीडात तिच्या हातची गादी ज्या घरात नाही, ते घर भाड्याचं, असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना स्वतःच्याच हॉलकडे बोट दाखवायची. कारण तो हॉल भाड्यानं गेलेला होता, आणि परत येत नव्हता.

हॉल मोठा, रस्त्याला तोंड करून. मागं आवार, आवारापलीकडे राहायच्या दोन खोल्या, आणि कोपऱ्यात संडास. नवरा वहाब होता तोवर हॉलमध्ये कापूस पिंजायची मशीन दिवसभर धडधडायची. वहाबच्या छातीत रुई साचली, असं डॉक्टर म्हणाले. तो गेला तेव्हा रशिदाबाईला त्या मशीनकडं बघवेना. नेमकं तेव्हाच वनोपज तपासणीचं कार्यालय जागा शोधत फिरत होतं. जंगलातून येणारा मोह, हिरडा, बांबू तपासायचा, चोरटा माल धरायचा, असं ते ऑफिस. नागपुरात नोकरीला असलेला मुलगा आरिफ फोनवर म्हणाला, अम्मी, सरकारी भाडेकरू म्हणजे झोप निवांत. तीन वर्षांची बोली झाली. मशीन आवारात आली, ताडपत्रीखाली गेली.

भाड्याची तक्रार कधीच नव्हती. ते यायचं. पण दु:खाला एक मुदत असते आणि हातातल्या कसबाला नसते. रशिदाबाईचे हात वळवळायला लागले. बोली संपायच्या आधीपासूनच ती मागच्या बोळीत खाट टाकून जुन्या गाद्या उसवून भरून देऊ लागली. बोळी अरुंद. रुई उडून शेजाऱ्यांच्या भातात पडायची. शेजारीण एकदा वाटी घेऊनच दारात आली, वाटीत वरण आणि वरणावर पांढरी साय. गेल्या हिवाळ्यात बस स्टँडजवळ फोमच्या गाद्यांचं दुकान उघडलं आणि लग्नाची मोठी कामं तिकडं वळली. रशिदाबाईला आपलं गणित चोख कळत होतं. दसऱ्यानंतर थंडीची कामं सुरू होतात. यंदा दसऱ्याला हॉलमध्ये मशीन लागली, तर धंदा उभा राहील. नाही लागली, तर लोकांना तिचं नावही आठवणार नाही.

म्हणून बोली संपली त्याच आठवड्यात ती ऑफिसच्या बोरकुटे साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. हे साहेब गडचिरोलीचे. आवाज मऊ, गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा.

साहेबांनी तिला नियम समजावला. पर्यायी जागा मिळाल्याशिवाय सरकारी कार्यालय हलवता येत नाही. प्रस्ताव चंद्रपूरला गेलेला आहे. जागेसाठी जाहिरातही दिली, पण गावात कोणीच जागा द्यायला पुढं येत नाही.

"काऊन येत नाई?" रशिदाबाईनं विचारलं.

साहेबांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "आता काय सांगू बाई. तुमचा हॉल तुमाले वापस भेटला नाई, हे साऱ्या गावाले माहीत हाय. मंग कोण देईन?"

म्हणजे हॉल परत मिळत नाही, कारण हॉल परत मिळत नाही. रशिदाबाईनं हे पिठाच्या चक्कीवर सांगितलं तेव्हा बायका हसल्या. ती मात्र हसली नाही.

मग युद्ध लागलं. जंगलातून सागवान वाहून आणणाऱ्यांच्या सायकली ऑफिस जप्त करायचं. आधी त्या हॉलच्या बाजूच्या भिंतीला टेकलेल्या असायच्या. आता त्या आवारात, रशिदाबाईच्या दाराला लागून रचल्या गेल्या. गंजलेल्या, एकात एक अडकलेल्या. घरात शिरायचं तर अंग तिरकं करावं लागे. रशिदाबाईनं त्याच सायकलींवर रुई वाळत घातली. वारा सुटला की रुई खिडकीतून ऑफिसात शिरायची आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायची. एकदा कॉम्प्युटर बंदच पडला. त्या दुपारी तिच्या दारात कागद आला: पुन्हा असं झालं तर शासकीय कामात अडथळा आणल्याबद्दल पोलिसांत तक्रार केली जाईल.

कागद घेऊन आली होती रिना. आणि तोच घाव रशिदाबाईला सगळ्यात खोल लागला.

रिना मडावी ऑफिसातली लिपिक. जिवतीकडची, डोंगरातल्या गावची. नोकरीला नवी आली तेव्हा रशिदाबाईच्या चुलीपाशी बसून डबा खायची, चाची चाची करायची. रशिदाबाईनं तिच्या खुर्चीसाठी खास निवडलेल्या रुईची छोटी गादी भरून दिली होती, लाल मगजी लावून. तीच पोरगी दारात उभी राहून नोटीस वाचून दाखवत होती, एका सुरात, कागदावरची नजर न काढता.

"वाचता येते मले," रशिदाबाई म्हणाली. "तू टाइप केलं?"

"साहेबांनी सांगितलं."

"उद्या साहेब सांगन का चाचीच्या दाराले सील ठोक, तर ठोकशीन?"

रिनानं कागदाची घडी करून सायकलच्या हँडलवर ठेवली. "सही पाहिजे, घरमालकीणबाई," ती म्हणाली.

चाचीची घरमालकीणबाई झाली, ती त्या दिवशी.

पोळा झाला आणि रशिदाबाईला आपलं हत्यार सापडलं. ऑफिसला दिला होता हॉल आणि पुढचा ओटा. संडास दिलेला नव्हता. इतकी वर्षं ऑफिसातली माणसं वापरत होती ती शेजारधर्मानं. आता शेजारही नव्हता आणि धर्मही. तिनं बाजारातून भलंमोठं कुलूप आणलं, दाराला लावलं आणि चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

साहेब आधी हसले. नंतर त्यांनी मोटरसायकल काढली आणि घरी जाऊन येऊ लागले. बाकीचे पुरुष रेल्वेलाइनच्या कडेला गेले. पुरुषांना जग मोकळंच असतं. शिपाई इस्तारीला तर काहीच फरक पडला नाही. तो ढिवराचा, पहाटे तलावावर जाळं टाकून मगच ड्युटीवर यायचा.

अडली ती एकटी रिना. ऑफिसात बाई तीच.

पहिले काही दिवस ती बस स्टँडवर जायची. तिथल्या संडासाला कडी नव्हती आणि पाणीही नव्हतं. जायला-यायला वेळ लागे, मग साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, मॅडम फिरायले गेल्त्या का. त्यानंतर तिनं जाणं सोडलं. रशिदाबाई आता बोळीतली खाट आवारात आणून तिथं टाके घालायची. तिथून खिडकीतून रिनाचं टेबल दिसायचं. टेबलावरची पाण्याची बाटली सकाळी भरलेली असायची आणि संध्याकाळीही तितकीच भरलेली.

रशिदाबाईनं ते पाहिलं. एकदा नाही, रोज पाहिलं. आणि दर वेळी तिला हँडलवर ठेवलेला तो कागद आठवला.

इस्तारी एका सकाळी केळीच्या पानात मरळ घेऊन आला आणि इकडचं तिकडचं बोलून मूळ विषयावर आला. पोट्टीचा काय दोष, फक्त तिच्यासाठी उघडा, साहेबाला पत्ता लागू देणार नाही, असं म्हणाला.

"तिनं येऊन मांगावं," रशिदाबाई म्हणाली.

"ते नाई मांगत, रशिदाबाई. डोंगरातली पोरगी. मरन, पण मांगनार नाई."

"मंग तिचं ते जाणे. आन् हे मासोळी वापस घेऊन जा भाऊ. माह्या घरी लाच चालत नाई."

मासोळी तिनं ठेवून घेतली, पण बोलणं मागं घेतलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, रिना मागच्या दारानं आवारात आली. चेहरा राखेसारखा. दोन्ही हात पोटावर. कुलपाकडं तिनं बघितलं, रशिदाबाईकडं नाही. मग सायकलींच्या ढिगावर कोसळली. ढीग खडखडत तिच्यासोबत खाली आला. रशिदाबाईचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडं गेला, गाठ ओढत राहिला, आणि गाठ सुटेपर्यंत इस्तारीनं पोरीला उचलून ऑटोत घातलंही होतं. ताप फणफणत होता. लघवीच्या जागी इन्फेक्शन, किडनीपर्यंत गेलेलं, असं इस्तारीनं संध्याकाळी येऊन सांगितलं. पाणी प्यायली नाही म्हणून. तो हे सांगून थांबला नाही. चहाही घेतला नाही.

रात्री रशिदाबाईनं उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि सकाळी तसाच भरलेला ओतून टाकला.

रिना परत कामावर आली तेव्हा अंगातला ड्रेस झोळ्यासारखा लोंबत होता. रशिदाबाई हॉलच्या मागच्या दारात उभी होती, चावी तळहातावर.

"घे," ती म्हणाली. "ठेव तुह्यापाशीच."

रिनानं चावीला हात लावला नाही. "आता नको."

"माह्यावर राग काढ, जिवावर कायले काढतं?"

"राग तर हायच," रिना म्हणाली. "पण तुमी ऐका. मी दवाखान्यातूनच चंद्रपूरले तक्रार केली. ऑफिसात बाईमाणसासाठी सोय नाई म्हणून. चौकशीले मॅडम येऊन राह्यल्या. कुलूप उघडं दिसलं, तर साहेब म्हणतीन सोय हाय. मंग हे ऑफिस इथीच राहीन अन् मीबी इथीच राहीन, तुमच्या मेहरबानीवर. मले ते पाहिजे नाई." तिनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. "कुलूप ठेवा. मॅडम येऊन जाईस्तोवर तरी ठेवा."

"तवर तू काय करशीन?"

"इस्तारीभाऊच्या घरी जातो. त्याची सून उघडते दार. न मांगता."

शेवटचे दोन शब्द ती वळता वळता म्हणाली. रशिदाबाईला ते चावीसारखे मुठीत धरून उभं राहावं लागलं.

चौकशीची कुणकुण साहेबांनाही लागली. मॅडम यायच्या आदल्या दिवशी ते स्वतः मागच्या आवारात आले, कुलूप लागल्यापासून पहिल्यांदाच. ताडपत्री उचलून मशीन बघितली, छान मशीन आहे म्हणाले. रशिदाबाईनं खाट सरकवली नाही, म्हणून उभ्यानंच बोलले.

"बाई, वाद वाढवून कोणाचं भलं होत नाई. उद्या एक दिवस कुलूप काढा. मी अर्धा हॉल आजच्या आज खाली करून देतो. मधात पार्टिशन टाकू. दसऱ्याले तुमची मशीन सुरू."

अर्धा हॉल. मशीन बसेल, एक खाट बसेल, आणि रस्त्याला तोंड मिळेल. दसरा तोंडावर होता. फोमवाल्यानं दारासाठी झेंडूच्या माळांची ऑर्डरही देऊन ठेवली होती. रशिदाबाईनं दाभणात दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोरा दोनदा चुकला.

"अन् त्या पोरीचं काय?"

"तिनं खोटी तक्रार केली असं होईन. होऊ द्या. तिचा तुमाले काय पुळका? तिनंच तर तुमाले नोटीस आणून देल्ती."

"हो," रशिदाबाई म्हणाली. "तिनंच देल्ती."

साहेबांना वाटलं, काम झालं. ते खर्रा थुंकायला जागा शोधत होते. रशिदाबाईनं बोटानं रस्ता दाखवला.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या मॅडम आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साहेबांनी त्यांना थेट मागं आणलं, आणि कोपऱ्यातलं कुलूप पाहून त्यांचा गाल खर्र्यासकट जागीच थांबला. घरमालकीण जरा हट्टी आहेत, पण सोय आहे मॅडम, आत्ता उघडतील, असं ते म्हणाले. मॅडमनी रशिदाबाईकडं पाहिलं. रिना दारात उभी होती. तिनं रशिदाबाईकडं पाहिलं नाही.

"संडास माह्या घरचा हाय," रशिदाबाई म्हणाली. "ऑफिसले देल्ला नव्हता. या पोरीलेबी मी जाऊ देल्लं नाई. ते पडली ना, ते माह्याच दारात पडली. तुमाले काय लिहायचं ते लिहा, पण तिचं खोटं नका लिहू."

मॅडमनी विचारलं, जाऊ का दिलं नाही.

"माहा हॉल दाबून बसले म्हणून. साहेबाले लागन असं वाटलं मले. लागलं तिले."

एवढं बोलून ती पुन्हा खाटेवर बसली. दोन्ही हात तिनं रुईत खुपसले.

दसरा हातातून गेलाच. हुकूम यायला दिवाळी उजाडली. गावाबाहेर एका बंद पडलेल्या शाळेच्या खोल्या ऑफिसला मिळाल्या. इतके दिवस कोणाला सापडत नसलेली पर्यायी जागा सापडली. साहेब साहेबच राहिले. रिनाची बदली झाली, सिरोंचाकडं, तेलंगणाच्या सीमेला. तक्रार करणाऱ्याला शिक्षा नसते, फक्त बदली असते.

टेबलं, कपाटं ट्रकमध्ये चढली. सायकली मात्र राहिल्या. कोर्टात केस आहे, निकाल लागेपर्यंत मुद्देमाल हलवता येत नाही, असं साहेब जाताना म्हणाले. आणि पहिल्यांदाच मनापासून हसले.

रिना सर्वांत शेवटी आपली पिशवी घ्यायला आली. हॉल रिकामा होता, आवाज घुमत होता. मोहाचा आंबूस वास भिंतींत मुरला होता. मध्यभागी ती खुर्चीची गादी पडली होती, लाल मगजीची, बसून बसून चपटी झालेली.

"हे घेऊन जा," रशिदाबाई म्हणाली. "नवी रुई भरून देतो. थांब घडीभर."

"नको."

"सिरोंचाची बस लांब हाय. निघायच्या आधी..." रशिदाबाईनं कोपऱ्याकडं हात केला. कुलूप तिथं नव्हतं. दार सताड उघडं होतं.

रिनानं दाराकडं बघितलं.

"तुमी मॅडमपाशी खरं बोलल्या, ते मी ऐकलं," ती म्हणाली. "पण मी तक्रार तुमच्या हॉलसाठी नव्हती केली. अन् तुमचं कुलूप मी विसरनार नाई."

"नको विसरू," रशिदाबाई म्हणाली.

पिशवी खांद्याला लावून रिना सायकलींच्या ढिगाजवळून अंग तिरकं करत निघून गेली. इस्तारीच्या घराच्या दिशेनं.

संध्याकाळी रशिदाबाईनं दोन हमाल लावून मशीन हॉलमध्ये आणली, पट्टा चढवला. समोरच्या पानठेल्यावरून कोणीतरी ओरडून विचारलं, बाई, उद्यापासून गाद्या घ्याल का भरायले. तिनं मान हलवली. मग ती चपटी गादी उचलली, दाभणानं एक-एक टाका उसवला, आतली काळवंडलेली रुई बाहेर काढली आणि मशीनच्या तोंडात घातली.