गोळी आधी की शिव आधी?

अक्षय तृतीयेच्या आठवड्यात नांदेडच्या मनोविकारतज्ज्ञांनी माझ्या पत्नीस, शिवकांतेस, डिप्रेशन झाल्याचे सांगितले व गोळ्या दिल्या. त्यांनी हात थरथरेल, हे सांगितले नाही. जबाबदार : डॉक्टर.

श्रावणातल्या सोमवारी भरल्या सभेत तिला गोळ्या सोडण्याचा उपदेश झाला. जबाबदार : आमच्या मठाचे स्वामी.

पोळ्याच्या सुमारास तिने अन्न सोडले. जबाबदार : वरील दोघेही.

मी वालूरकडचा. कचेरीबाहेर बसून आयुष्यभर इतरांचे अर्ज लिहिले. हा माझ्या घरचा. ज्यांच्या घरी असे आजारी माणूस आहे, त्यांनी तो वाचावा.

डिप्रेशन म्हणजे नुसते दुःख नव्हे. चूल पेटवून ती तवा न ठेवता तशीच बसून राही. सोबत ॲन्झायटी होती, म्हणजे कारणावाचून जीव धास्तावणे. मी ओट्यावर गेलो तरी ती दारापर्यंत मागे येई.

औषध लागतेच का, असे मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, प्रत्येकाला लागत नाही. कित्येकांना बोलण्याने, झोपेने, काळाने उतार पडतो. पण जिचे जेवणखाण सुटत चालले आहे, तिच्याबाबत वाट पाहू नये.

गोळ्यांनी हळूहळू गुण आला. एके सकाळी तिने मला तंबाखूवरून फैलावर घेतले. तो दिवस मी सणासारखा मानला.

पण हात थरथरू लागला. आम्ही लिंगायत गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करतो; ते खाली पडणे आमच्यात मोठे अशुभ. तिच्या हातून पाणी सांडे, बेलाचे पान खाली पडे.

"अहो, हात लय थरथरायलाय," ती म्हणाली. "शिवाला धरवंना."

काय करावे, असे तिने मठात विचारले. स्वामींनी सर्वांसमक्ष उलट विचारले, "गोळी आधी की शिव आधी?" बायका हसल्या. घरी येऊन तिने गोळ्या बंद केल्या.

काही दिवसांनी तिने तळहात माझ्यापुढे धरला. "बघा, हालतंय का?" हात स्थिर होता. किती आनंदली होती! त्यानंतर मात्र बोलणे गेले, झोप गेली, जेवण गेले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे तेव्हा एस.टी. मिळेना. अखेर पूर्णेमार्गे रेल्वेने तिला नांदेडला नेले. दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या खांद्याला टेकून होती. अंगाला वजन असे उरलेच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "थरथर गोळीचीच होती. कळवलं असतं तर मात्रा कमी केली असती. एकदम बंद करायची नसते." हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. "चुकलं माझं," ते म्हणाले. माझा राग गेला नाही. परंतु त्यांनी उत्तर दिले, हे नमूद करतो.

आता ती चार घास खाते. मात्रा कमी आहे, तरी हात किंचित हालतो. लिंग गळ्यात आहे; ते ती तळहातावर घेत नाही. सकाळी स्नान करून आसनावर बसते व तशीच उठते. विचारले तर म्हणते, "पडलं तर?"

स्वामींना लिहिलेल्या माझ्या पत्रांना उत्तर नाही. म्हणून येथे जाहीर मागणी करतो. आपण सभेत बोललात, सभेतच उत्तर द्या. औषध घेणाऱ्या, थरथरत्या हाताची पूजा शिवाला चालते की नाही? येत्या सोमवारी त्याच बायकांसमोर हो किंवा नाही म्हणा. शिवकांता पुढच्या रांगेत बसलेली असेल.