पडद्यावरचा पाळणा

ऑफिसात चूक झाली की मेल जातो, उत्तर येतं, विषय मिटतो. लाज वाटली की मात्र किस्सा होतो! नंदेसरीला आमच्या कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसात असे पुष्कळ साठलेत. मॉनिटर जुने. एकच चित्र महिनोन् महिने उघडं ठेवलं, की बंद केल्यावरही त्याची पुसट छाप पडद्यावर राहते.

* * *

परेशभाई लपून पत्ते खेळायचे. एकदा साहेब मागून आले. परेशभाईंनी झटकन एक्सेल उघडलं. साहेबांनी वाकून रकान्यांमागे बघितलं. "परेशभाई, डाव अर्धाच का सोडला?"

* * *

नव्या हेतलबेन आपल्या मॉनिटरवरच्या रेघा आठवडाभर ओल्या फडक्याने पुसत होत्या. त्या जुन्या ट्रकयादीच्या रेघा होत्या!

* * *

तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसले ती मी. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर कॅमेऱ्यातून आमचं अकोट्याचं घर उघडं असायचं. माझी दीड वर्षाची लेक ईरा सासूबाईंजवळ. "आई, हा कॅमेरा चोरांसाठी हं," असं त्यांना सांगून मीच तो बसवला होता.

एकदा फोन केला. "वरणभात खाल्ला का हो हिने?"

"सगळा खाल्ला!" आई म्हणाल्या. त्यांच्या हातातली वाटी अर्धी भरलेली मला दिसत होती.

घरी गेल्यावर मी म्हटलं, "सगळा खाऊनही भुकेली दिसतेय!" कसली हुशारी ही माझी!

* * *

यथावकाश माझ्याही पडद्यावर छाप पडली. आयटीचे जिग्नेशभाई म्हणाले, "बेन, स्क्रीन आखी सफेद करून चालू राहू द्या. छाप जशे, जाईल धीमे धीमे." मी तशी ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दसरा आहे, हे डोक्यातच नाही!

दसऱ्याला आमच्याकडे मशीनबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. घरची माणसं येतात. आई हळदकुंकू घेऊन थेट माझ्या टेबलापाशी. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर करडी खिडकी, करडा पाळणा.

त्यांनी चष्मा लावला. "मधुरा, ही आपली खिडकी ना गं? आणि ही माझी खुर्ची."

परेशभाई पेढे वाटायचे थांबले. आईंनी पडद्याच्या कडेला कुंकू लावलं, हात जोडले. परतताना एवढंच म्हणाल्या, "दसऱ्याची फाफडा-जलेबी घ्यायची राहिली."

* * *

दुसऱ्या दिवशी कॅमेरा उघडायचाच नाही, असं ठरवलं होतं. साडेअकराला उघडला.

आई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. खुर्ची कॅमेऱ्याकडे वळवलेली. ईराला शेवटचा घास भरवला, तिचं तोंड पुसलं. मग उठून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या आणि वाटी उलटी करून दाखवली.