बासुंदी आणि वजनकाटा

सभ्यपणापायी चीत झालेला पहिलवान जगात एकच असावा, आणि तो ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, डिट्रॉइटजवळच्या ट्रॉयला, आमच्या वरच्या अपार्टमेंटमध्ये राहत होता. जूडो खेळणारा कोरियन. त्याला मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. पण नमस्कार इतका वाकून करायचा की पहिल्यांदा मला वाटलं, याचं काहीतरी खाली पडलंय. मीही वाकून शोधू लागलो. आमच्या हिला तो 'नूना' म्हणायचा, म्हणजे त्यांच्यातली ताई. हिला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे ती विरघळलीच. मला मात्र एकदा ''पाडतात कसं, दाखवतो'' म्हणाला आणि दुसऱ्या क्षणी मी कार्पेटवर आडवा, डोळे सीलिंगला! हा पुन्हा वाकून म्हणतो, ''सॉरी सर, तुम्ही फार हलके निघालात.'' माझ्या ढेरीचा एवढा गौरव आजवर कोणी केला नव्हता.

त्या वर्षी डिट्रॉइटला मोठी स्पर्धा होती. जिंकला तर इथल्या कॉलेजात कोचची नोकरी. हरला तर व्हिसा संपून घरी. आपल्या वजनगटात बसायचं म्हणून बिचारा आठवडाभर काकडीवर होता. स्पर्धा रविवारी, आणि हिने सुट्टी बघून भाऊबीज ढकलली ती नेमकी शनिवारवर. त्यांच्यात मोठ्यांनी वाढलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं आणि संपवायचं. आपल्यात पाहुण्याचं 'नको' म्हणजे 'आणखी वाढा'. दोन्ही संस्कृती आमच्या डायनिंग टेबलावर भिडल्या.

''नूना, इनफ!''

''लाजतोय बघा,'' म्हणत हिने बासुंदीची वाटी पुन्हा भरली.

''अगं, उद्या त्याचं वजन करणार आहेत!'' मी हादरून म्हणालो.

''मग बरंच की! पहिलवान वजनदारच हवा.''

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि वाटी रिकामी केली.

सकाळी घाम काढायला तो माझे दोन ओव्हरकोट आणि हिची शाल गुंडाळून गाडीत बसला, हीटर फुल. डिट्रॉइट येईपर्यंत वजन बहुधा माझंच उतरलं. त्याचा काटा काही खाली येईना. शेवटी वरच्या गटात खेळावं लागलं. तिथले गडी म्हणजे चालते फ्रीज! पहिला फ्रीज याने असा उचलून आपटला की ही खुर्चीवर चढून ओरडली, ''शाब्बास रे भाऊ!'' दुसराही पडला. फायनलचा मात्र पडला तो याच्या अंगावर. पंचांनी हात वर केला तो त्या फ्रीजच्या बाजूने. हा उठला, जॅकेट नीट केलं, त्या धिप्पाड गड्याला वाकला आणि मग आमच्याकडे वळून हिलाही वाकला.

विमानतळावर ही रडत म्हणाली, ''माझ्यामुळे झालं रे सगळं.'' तो गडबडून गेला. म्हणाला, ''नूना, आई पहिलं काय विचारणार? तिकडे जेवत होतास ना? मी छाती काढून हो म्हणेन.''

तेव्हापासून आमच्याकडे कोणी एकदा 'पुरे' म्हटलं की हिची पळी हवेतच थांबते. पाहुणे अर्धपोटी उठतात आणि बाहेर जाऊन आम्हाला कंजूष म्हणतात. मी म्हणू देतो.