उलटा धरलेला खेळ

माझी मावशी पार्ल्याला एकटी राहते. लग्न केलं नाही. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात तिची नोकरी झाली. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बिस्किटांमधलं तुटकं, करपलेलं, वाकडं बिस्किट नजरेनं टिपायचं आणि हातानं उचलायचं, हे तिनं तीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर मी तिला माझा जुना कॉम्प्युटर दिला. त्यात सोंगट्यांच्या जोड्या लावायचा खेळ होता. एकमेकींवर रचलेल्या एकशे चव्वेचाळीस सोंगट्या. जिच्या वर काही नाही आणि एक बाजू मोकळी आहे तीच उचलायची, सारख्या चित्राची दुसरी शोधायची, दोन्ही काढायच्या. पट रिकामा झाला की जिंकलात. मावशी त्या सोंगट्यांना बिस्किटंच म्हणायची. रोज दुपारी जेवण झालं की दोन डाव.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा अंधेरीच्या एका केंद्रात डायलिसिस सुरू झालं. प्रत्येक वेळी चार तास खुर्चीत. डाव्या हातात दोन सुया, तो हात जराही हलवायचा नाही. सुरुवातीला ती वर्तमानपत्र घेऊन जायची, पण एका हातानं पान उलटत नाही. फोनवर तोच खेळ मी घालून दिला, तर दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि तिचा कोरडा अंगठा फोनला कळेच ना.

"चार तास मी छताकडे बघते," ती म्हणाली. "पंख्याला तीन पाती आहेत. मोजून झाली."

मी कांदिवलीला राहते, ऑफिसात विम्याचे अर्ज भरायची ॲप्स बनवते. खेळ कधी बनवला नव्हता. पण माझ्या कपाटात एक जुना हातातला व्हिडिओ गेम होता, आत्यानं मस्कतहून आणलेला. मधे आडवा पडदा, डावीकडे चार दिशांचं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं, वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन. खरी बटणं, दाबली की टिक वाजणारी. त्यावर मावशीचा खेळ चढवायचा असं मी ठरवलं. त्यात बसणारी, पुन्हा लिहिता येणारी कोरी कार्ट्रिज, म्हणजे खेळाची डबी, मागवली आणि शनिवार-रविवारी कामाला बसले.

पडदा म्हणजे आडवे दोनशे चाळीस ठिपके, उभे एकशे साठ. खेळातली सगळ्यात लांब ओळ पंधरा सोंगट्यांची. एकीला सोळा ठिपके दिले की बरोबर काठोकाठ बसते. हे गणित जमलं तेव्हा मी घरात एकटीच टाळी वाजवली. पण सोळा ठिपक्यांत मूळ खेळातली चिनी अक्षरं मावेनात, सगळी काळ्या डागासारखी दिसायची. म्हणून मी साधी चित्रं काढली: कमळ, पक्षी, पणती, छत्री, किल्ली. कागदावर छापून मावशीला दाखवायला नेली.

तिनं चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि दोन मिनिटांत सात चित्रं बाद केली. "पणती आणि होडी लांबून एकच दिसतात. ही छत्री नाही, अळंबी आहे. आणि पक्ष्याला पाय कशाला दिलेस? पाय नको, चोच मोठी कर."

मी चोच मोठी केली. तिचं बरोबर होतं.

महिन्याभरात खेळ चालू झाला. माझ्या खुर्चीत बसून, माझ्या दोन हातांनी. एका मंगळवारी सुट्टी टाकून मी तो केंद्रात घेऊन गेले. मावशीच्या उजव्या हातात दिला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय गाढवपणा केलाय. दिशांचं बटण डावीकडे. तिचा डावा हात सुयांनी जखडलेला. उजव्या हाताला मिळतात नुसती दोन गोल बटणं.

मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "थांब, मी काहीतरी करते. गोल बटणांनीच सगळं होईल असं बसवते. एक दाबलं की पुढची सोंगटी, दुसरं दाबलं की निवड..."

"म्हणजे शेवटच्या बिस्किटापर्यंत जायला शंभर वेळा दाबायचं?"

"हो... म्हणजे..."

ती माझं ऐकत नव्हती. मांडीवर उशी होती, उशीवर तो खेळ. तिनं तो एका हातानं गोल फिरवला, डोक्यावर उभा केला. डावीकडचं दिशांचं बटण आता उजवीकडे आलं, तिच्या अंगठ्याखाली. वरच्या कोपऱ्यातलं बटण खालच्या कडेला आलं, नेमकं तिथे जिथे तिची बोटं वळून बसली होती. तिनं ते बोटानं दाबून पाहिलं. टिक.

"हे बघ, सगळं हाताशी आलं," ती म्हणाली. "आता तू फक्त चित्र उलटं कर."

पंधरा वर्षं हेच काम करतेय, पगार घेतेय, आणि हे मला सुचलं नव्हतं. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांनाही कदाचित सुचलं नसेल. मावशीनं ते सुया टोचलेल्या अवस्थेत, पाच सेकंदांत केलं.

चित्र उलटं करायला मला दोन शनिवार लागले. प्रत्येक ठिपक्याची जागा शेवटाकडून मोजायची, वर म्हणजे खाली, डावं म्हणजे उजवं. पण झालं. जुन्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून मावशी अर्धा तास लवकर जाऊन खिडकीजवळची खुर्ची पकडू लागली. नर्स मला म्हणाली, "आधी सारखं विचारायच्या, किती वेळ राहिला? आता मशीन बंद करायला गेले की म्हणतात, थांब गं, चारच जोड्या राहिल्यात."

पंधरा-वीस दिवसांनी मावशीचा फोन आला. आवाज तापलेला.

"तुझा खेळ खोटा आहे."

"म्हणजे?"

"हा डाव सुटतच नाही. तीन वेळा पहिल्यापासून खेळले, तिन्ही वेळा वेगळी सुरुवात केली. शेवटी इथेच येऊन अडते. एका ढिगात कमळाखाली पक्षी, दुसऱ्या ढिगात पक्ष्याखाली कमळ. काढू काय?"

मी तिला समजावलं की हा खेळ असाच असतो, कधी अडतो, कधी सुटतो. ती म्हणाली, "अडणं वेगळं. हा मुळातच वाकडा आहे. मला वाकडं कळतं."

तो डाव मी घरी कॉम्प्युटरला घातला आणि सगळ्या वाटा तपासायला लावल्या. तो बिचारा तास-दोन तास फिरला. एकही वाट शेवटपर्यंत जात नव्हती. मावशी तीन डावांत जे म्हणाली होती तेच. सोंगट्या मी नुसत्या पिसून मांडत होते, तिथे चूक होती. मग मी पद्धत बदलली. रिकाम्या पटापासून सुरुवात करायची आणि एकेक जोडी उलट क्रमानं ठेवत जायचं, म्हणजे सुटायची एक तरी वाट नक्की राहते.

हे तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे आता अडले तर चूक माझी?"

"हो."

"हे बरं झालं," ती म्हणाली. माझ्या कामाला एवढी मोठी शाबासकी ऑफिसात कुणी दिली नाही.

शेजारच्या खुर्चीवर मनोरीचे एक काका यायचे. ख्रिस्ती, मासेमारीतून निवृत्त झालेले, सकाळी फेरीबोटीनं खाडी ओलांडून मार्वेला, तिथून बसनं. बरेच दिवस ते मान वाकडी करून मावशीचा पडदा बघत. एक दिवस न राहवून म्हणाले, "बाय, तो पक्षी डावीकडं हाय बघ."

"दिसतोय मला," मावशी म्हणाली. "पण तो आता काढला तर पुढं वाट लागेल."

काकांनी पुढच्या चाली बघितल्या. चार चाली झाल्यावर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

त्यांच्या सुया उजव्या हाताला होत्या. त्यामुळे त्यांना यंत्र सरळच धरायला हवं होतं. मी सुरुवातीलाच विचारणारं एक पान घातलं: डावा हात की उजवा हात. निवडलं की पडदा त्याप्रमाणे फिरतो. दोन तास मावशी, दोन तास काका, आणि मधे नर्स यंत्र इकडून तिकडे पोचवायची. काका पहिल्या आठवड्यात एकही डाव सोडवू शकले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एक सोडवला आणि अख्ख्या हॉलला सांगितला.

"पण ही कमळं-बिमळं माज्या डोक्यात बसत नाय," ते मला म्हणाले. "मासे काढ ना. मासं मी झोपेत पण ओळखीन."

मावशी जन्माची शाकाहारी. मला वाटलं ती नाक मुरडेल. ती म्हणाली, "काढ गं. नवीन काहीतरी शिकेन."

मग काका सांगत आणि मी वहीत काढत असे. बांगड्याच्या पाठीवर नागमोडी रेघा. पापलेट गोल, शेपटीला खाच. बोंबील मऊ, तोंड उघडं. सोळा ठिपक्यांत मासा बसवणं कमळापेक्षा अवघड निघालं. रावस चार वेळा नापास झाला. "ह्यो रावस नाय, ह्यो आजारी बोय हाय," काका म्हणाले, आणि मावशी इतकी हसली की डायलिसिसच्या मशीनचा अलार्म वाजला आणि नर्स धावत आली. दोघांनाही ओरडा बसला.

डिसेंबरात काकांनी आम्हाला घरी बोलावलं. मावशीचा सुट्टीचा दिवस बघून आम्ही मार्वेहून बोटीनं गेलो. मावशीनं पाण्याची छोटी बाटली घट्ट धरली होती, डायलिसिसमुळे डॉक्टरांनी दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी. काकांच्या बायकोनं तिला न विचारता अर्धाच कप चहा दिला. त्यांच्या घरातही तेच मोजमाप चालायचं.

दाराशी कोळीण टोपली घेऊन आली, तशी मावशी उठून बाहेर गेली. पदर नाकाला लावला, वाकली आणि एकेकाकडे बोट दाखवत म्हणायला लागली, "हा बांगडा. हे पापलेट. हे बोंबील. हा बोय, आजारी नसलेला." कोळीण काकांकडे बघत होती, ही कोण बाई म्हणून. काका कौतुकानं मान हलवत होते.

एका माशाशी मावशी थांबली. बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे वळली.

"सुरमई ना ही?"

"हो," काका म्हणाले.

"मग हिच्या अंगावर उभ्या पट्ट्या आहेत, पाठीकडून पोटाकडे, आणि तू आडव्या काढल्यास. घरी गेल्यावर दुरुस्त कर."

मी टोपलीत वाकून पाहिलं आणि फोनवर फोटो काढून घेतला.