जांबाच्या लाकडाचा धूर

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या थोरल्या दिरांचं नशीब उघडलं. सरकारी इमारती उभ्या राहायला लागल्या. गटारं, कंपाउंडच्या भिंती, शेडं, ज्याला जे काम मिळेल ते घेऊन तो गुत्तेदार झाला. दीर त्यातलेच. नेमका तेव्हाच पाऊस दडी मारून बसला. टँकर आला की गल्लीतल्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि आमच्या घरात चर्चा चालायची ती मटण कशात शिजवायचं याची. आग लागो त्या मटणाला.

त्याचं असं झालं, की कामं ज्यांच्या हातात होती ते सायब कुठं परमुलखात धुरावर शिजवलेलं मटण खाऊन आले होते. जाळावर नाही, धुरावर. सकाळी ठेवायचं आणि पार दिवस कलेपर्यंत मंद धुरात राहू द्यायचं. सायब सहज बोलून गेले असतील, पण दिरांनी ते मनावर घेतलं. परसात तसली भट्टी करायची आणि सायबांना जेवायला बोलवायचं ठरलं.

आधी रस्त्याच्या कामावरचं डांबराचं पिंप आणलं. मधोमध कापलं, बिजागऱ्या लावल्या. पत्रा पातळ. जाळ घातला की लालभडक, वारा सुटला की गार. कोंबडी घालून बघितली तर डांबरी सडक चावून राहिल्यासारखं वाटलं. मग मात्र दीर इरेला पेटले. नांदेडच्या भंगार बाजारात जाऊन बोटभर जाड लोखंडाचं नळकांडं आणलं. चार ठिकाणी हातोडी मारून, आवाज ऐकून निवडलं म्हणे. ट्रकमधून उतरवताना हमालांच्या तोंडाला फेस आला. वेल्डिंगवाल्यानं एका अंगाला जाळाची पेटी जोडली, दुसऱ्या अंगाला धूर जायला पाईप आणि त्यावर झडप. जाळ पेटीत राहणार, मटण मोठ्या पोटात, आणि मधून जाणार तो नुसता धूर. आतून तेल चोपडून ते आधी रिकामंच तापवलं. खोटं कशाला बोलू, काम चोख होतं. एकदा तापलं की लवकर निवायचं नाही. गल्ली त्याला इंजन म्हणायची.

एवढ्या दिवसांत दिरांशी मी एक शब्दही बोलले नव्हते. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, दाराआड उभं राहायचं आणि काय असेल ते सासूला सांगायचं. सासू ते बाहेर जाऊन सांगणार. त्यांना मला काही सांगायचं असलं तरी ते सासूकडं बघूनच बोलणार. एका छपराखाली राहून त्या माणसानं माझा आवाज ऐकलेला नव्हता.

परसात माझं जांबाचं झाड होतं. जांब म्हणजे तुमचा पेरू. आई अर्धापूरहून मला भेटायला आली तेव्हा वनस्पती तुपाच्या डब्यात ते रोप घेऊन आली होती, सगळ्या वाटेनं एसटीत मांडीवर धरून. ती तिची शेवटची फेरी. बाप आधीच गेलेला, भाऊ नाही, केळीचं रान चुलत्यांनी दाबलं. माहेर म्हणून मला उरलं ते एवढंच झाड.

पाणी सासूच्या ताब्यात. आंघोळीला अर्धी बादली मिळायची. मी लुगड्याचा आडोसा बांधून झाडाच्या बुंध्याशी दगडावर बसायची, म्हणजे अंगावरचं पाणी सरळ आळ्यात उतरायचं. साबण लावत नव्हते, झाडाला सोसत नाही. माणसं तहानेनं तडफडून राहिली अन् ही झाडाला न्हाऊ घालती, असं सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. उन्हाळ्यात झाडाची पानं झडली. बघणाऱ्याला वाटावं, वाळलं. पण मी रोज नखानं साल खरवडून बघायची. आत हिरवं होतं.

इंजनात पहिलं मटण बाभळीवर केलं. सायबांनी खाल्लं, चांगलं झालं म्हणाले, फक्त धूर उग्र आहे म्हणाले. फळझाडाचं लाकूड पाहिजे, जांबाचं असलं तर मग बघायलाच नको. पुढच्या रविवारी परत येतो म्हणून गेले. दीर परसात जाऊन झाडाकडं बघत उभे राहिले.

रविवारी सकाळी करवत आली. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तो भावाच्या हाताखाली कामाला. म्हणाला, झाडच हाय, त्यात काय एवढं. मग मी सासूचे पाय धरले. म्हटलं, "त्यांना सांगा, झाड जितं हाय. माझ्या आईचं हाय. ह्याला हात लावू नका म्हणावं."

सासू बाहेर गेली. मी दाराआड कान लावून उभी. दिरांनी विचारलं, ती काय म्हणती?

सासू म्हणाली, "काई न्हाई. वाळूनच गेलंय म्हणती, तोडा."

ओरडावं तर आवाज निघेना. कधी काढलाच नव्हता, तो ऐन वेळी कुठून निघणार? करवत एका बाजूनं दिरांनी धरली, दुसऱ्या बाजूनं माझ्या नवऱ्यानं.

ती लाकडं पेटीत घातली आणि इंजन सुस्कारे टाकायला लागलं. तुकड्यांच्या टोकांना फेस आला, पाणी सुटलं. पांढरा, जाड, डोळे फोडणारा धूर. ओल्या लाकडाचा धूर मटणाला कडू करतो हे शेंबडं पोर सांगेल, पण दिरांना लाकूड वाळकंच वाटत होतं. त्यांनी झडप अजून दाबली, धूर आत कोंडला. संध्याकाळी सायबांनी एक घास घेतला, कोपऱ्यात जाऊन थुंकला आणि ताट तसंच ठेवून जीपमध्ये बसले.

दीर सासूवर भडकले. वाळलेल्या झाडात पाणी आलं कुठून, म्हणाले.

तेव्हा मी उंबऱ्याबाहेर आले. डोक्यावर पदर नव्हता.

"जितं होतं ते. माझ्या आंघोळीच्या पाण्यावर जगवलं होतं. तेच पाणी तुमच्या सायबाच्या तोंडात गेलं."

दिरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सासूला म्हणाले, "तिला म्हणावं, आत जा."

सासू आवाज न चढवता म्हणाली, "उद्यापासून तुझी बादली बंद. झाड न्हाई, मग आंघोळ कशाला?"

इंजनात आतून कडू काजळीचा थर बसला होता. तो धुतल्याशिवाय पुढचं मटणही कडूच झालं असतं. दुसऱ्या दिवशी माझी अर्धी बादली त्याच्या वाट्याला गेली. खराट्यानं घासून मीच ते धुतलं, आणि काळं पाणी सवयीनं आळ्यात नेऊन ओतलं.